मामांनी निवडलेला टीव्ही

टीव्हीच्या दुकानात शिरल्यावर किसनमामा पहिल्यांदा दिवे घालवायला सांगायचे. मालक ओळखीचा असो नसो, दुकानात कितीही गर्दी असो. "मालक, तेवढ्या लाइटी घालवा बरं," असं म्हणत ते स्वतःच बटणांकडे निघायचे. दौंडच्या बाजारपेठेत भर दुपारी त्या दुकानात अंधार व्हायचा, कुणाची तरी बायको ओरडायची आणि मालक "काही नाही, काही नाही, मामा आलेत" म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांची समजूत काढायचा. तोवर मामा एखाद्या पडद्याला कपाळ टेकवून, दोन्ही हातांचा आडोसा डोळ्यांना करून आत बघत असायचे. मी बरोबर असले तर मिक्सरच्या खोक्यांमागं जाऊन उभी राहायचे. हा माणूस माझा कोणी लागत नाही, असं तोंड करून.

सेल्समन लोक बिचारे पोपट, फुलं, धबधबे असलं काहीतरी लावून ठेवतात. मामांना ते नको असायचं. "हे पोपट घालवा आन् रातचं काहीतरी लावा," अशी फर्माईश व्हायची. मग अंधाऱ्या रस्त्याचं नाहीतर चांदण्यांचं चित्र शोधण्यात त्या सेल्समनची तारांबळ उडायची. "रंग काय, कुनीबी दाखवतंय," मामा सांगायचे. "काळं किती काळं हाय, ते बघायचं असतं." काळ्या रंगावर जरा जरी राखाडी झाक दिसली की तो टीव्ही बाद. मग त्यावर कितीही सूट असो, वर इस्त्री फुकट असो.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मी लहान असतानाच माझे वडील गेले आणि आई मला घेऊन केंदूरहून दौंडला, भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो आणि मला कधी मी पाहुणी आहे असं वाटलं नाही. मामा तेव्हा मालगाडीचे ड्रायव्हर होते. ड्यूटीवरून आले की अंगाला डिझेलचा वास यायचा आणि हातात माझ्यासाठी कुठल्यातरी स्टेशनवरचे पेरू असायचे. कॉलनीत ड्रायव्हरला मोठा मान. मामा नळावर उभे राहिले तरी लोक बाजूला सरायचे.

मी शाळेत होते तेव्हाच त्यांनी इंजिन सोडलं. पाठ गेली, डॉक्टरांनी इंजिनचे हादरे बंद सांगितले, असं घरात आणि कॉलनीत सगळ्यांना माहीत झालं. पाठीला बांधायचा एक रुंद पट्टा मामांनी आणला होता. रोज सकाळी तो मागून ओढून घट्ट करण्याचं काम माझ्याकडे असायचं. "जरा जोर लाव की गं, भाकर खाल्ली न्हाईस का?" असं ते म्हणायचे. पुढं रेल्वेनं त्यांना सामानाच्या गोदामात कारकुनीचं काम दिलं. इंजिनवर उभं आयुष्य काढलेला माणूस खुर्चीवर बसून नटबोल्ट मोजू लागला, तेव्हा त्यानं काहीतरी नाद लावून घेतला नसता तर नवल. मामांना टीव्हीचा नाद लागला.

आमच्या कॉलनीत भिंतीवर टांगायचा पहिला टीव्ही मामांच्या घरात आला. तो प्लाझ्मा होता. उचलायला चार माणसं लागली आणि तासभर चालला की खोली तापायची. मामी म्हणायची, यावर पापड भाजून निघतील. पण सुट्टीच्या दिवशी मामा डेमू गाडी पकडून पुण्याला जायचे, मोठमोठ्या शोरूमांमधून दिवसभर हिंडायचे आणि येताना पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन यायचे, ते काही उगीच नव्हतं. त्या वेळी प्लाझ्मा का एलसीडी, हा वाद आमच्या घरात निवडणुकीसारखा चालायचा. मामांचं मत ठाम होतं. "एलसीडीच्या मागं बत्ती कायम पेटलेली. म्होरं नुसता पडदा. मागं बत्ती जळत असताना ते येडं अंधार कसा दाखवणार?"

शेजारच्या गार्डसाहेबांनी मामांना न विचारता एलसीडी घेतला. मामा बघायला गेले, चहा घेतला, खोलीतला दिवा घालवला आणि बराच वेळ बघून गार्डसाहेबांच्या बायकोला म्हणाले, "वैनी, तुमच्याकडं रात पडतच न्हाई बगा." गार्डसाहेब दोन महिने मामांशी बोलले नाहीत. पुढच्या वेळी टीव्ही घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र स्वतः मामांना स्कूटरवर बसवून घेऊन गेले.

प्लाझ्मा बाजारातून गेले तेव्हा मामा खरोखर हळहळले. मग एलईडी आले, क्यूएलईडी आले. मामा प्रत्येकाच्या मागं जाऊन बत्ती कुठं आहे ते विचारायचे आणि नाक मुरडायचे. ओएलईडी पहिल्यांदा बघून आले त्या दिवशी मात्र त्यांना जेवणाचंही भान राहिलं नाही. "अलके, ह्याला मागं बत्तीच न्हाई. ज्याचा त्याचा दिवा. नको तवा इझून जातो. काळं म्हंजी असं काळं, की पडदा कुठं संपला आन् भित कुठं सुरू झाली, कळत न्हाई!" दौंडमध्ये कुणाच्या लग्नात टीव्ही द्यायचा असो की कुणाचा जुना जळालेला असो, मामांना नेल्याशिवाय खरेदी होत नसे. आणि त्यांनी निवडलेला टीव्ही खरंच चांगला निघायचा.

एक गोष्ट मात्र आम्हा कॉलनीतल्या मुलांना गमतीची वाटायची. दुकानात एखादी बाई म्हणाली, "मामा, लाल साडी काय खुलून दिसतेय!" की मामा लगेच म्हणायचे, "खुलून दिसतीय, खुलून दिसतीय." कुणी म्हणालं, "हिरवा जरा भडक आहे का?" तर मामा, "भडक हाय. जरा भडकच हाय." रंगाबद्दल त्यांचं स्वतःचं असं मत कधी नसायचंच. आम्ही घरी येऊन त्यांची नक्कल करायचो आणि मामी हसता हसता मध्येच उठून स्वयंपाकघरात जायची. ती का उठते, हे आम्हाला कुणाला सुचलंही नाही.

माझं लग्न शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईला झालं. सासर शेतकरी, नदीकाठची बागायत, घरात सासरे आबा, सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि धाकटा दीर सचिन. तो एमआयडीसीत कामाला. माणसं वाईट नाहीत, पण मनात येईल ते तोंडावर बोलणारी. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला माहेरचा आहेर काय येणार, यावर गावाचं लक्ष असतं. माझं माहेर म्हणजे मामाच. आई तोवर गेली होती. मामांनी फोनवर सांगून टाकलं, "तुझ्या हॉलमधी टीव्ही माझा. त्यात तू बोलायचं न्हाई." ओएलईडी घेतोय, पंचावन्न इंची आहे, हेही त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. मी ते घरात चार जणांना सांगितलं, चुलत जावांना दोनदा सांगितलं. माझंही डोकं थोडं वर गेलं होतं, हे कबूल करायला पाहिजे.

दुकानाची माणसं आदल्या दिवशी येऊन टीव्ही भिंतीवर लावून गेली. पूजा उरकेपर्यंत तो सुरू करायचा नाही, असं आत्याबाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पहिल्या पंगती उठल्या, आणि सगळे पाहुणे हॉलमध्ये जमले. मामा नव्या धोतरात होते. त्यांनी पडदे ओढायला लावले, दिवे घालवले आणि चांदण्यांचं चित्र लावलं. सगळ्या हॉलनं आ केला. आबासुद्धा खुर्चीतून पुढं सरकले. मामांनी माझ्याकडं बघितलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"आता मॅच लावा की, मामा," सचिन म्हणाला. मॅच लागली आणि पडद्यावर सगळीकडं हिरवं मैदान पसरलं. त्या हिरव्यावर तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तांबूस पट्टा उठला होता आणि वरच्या कोपऱ्यात तसाच एक चौकोन. कुणीतरी म्हणालं, डिशचा घोटाळा असेल. सचिननं चॅनल बदललं. पट्टा तिथंच. अजून एकदा बदललं. पट्टा तिथंच.

"मामा, हा दुकानात लावलेला पीस हाय," सचिन म्हणाला. "दिवसभर बातम्या लावून लावून खालची पट्टी पडद्यावर उठलीय. ओएलईडीला व्हतं असं."

मामा पुढं झाले. नेहमीसारखे हात डोळ्यांशी धरून पडद्यापाशी वाकले, खाली बघितलं, वर बघितलं. मग वळून म्हणाले, "कुठंय? काय बी न्हाई. एकदम स्वच्छ हाय चित्र."

"अवो मामा, बारक्या पोराला बी दिसंल! हा काय पट्टा."

"मला तर न्हाई दिसत."

हॉलमध्ये पहिल्यांदा हशा पिकला. लोकांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग हसणं ओसरलं, कारण मामा हसत नव्हते. पन्नास माणसांना दिसणारा डाग हा माणूस डोळ्यांदेखत नाकारतोय, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. आत्याबाई दारातून जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "द्यायचं नव्हतं तर सांगायचं. खोटं कशाला बोलायचं पाव्हण्यांनी?" मामांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "व्हय," ते शेवटी म्हणाले. "दुकानातलाच हाय. जरा कमीत बसला म्हणून घेतला." आणि टोपी उचलून, न जेवताच ते बाहेर पडले. मी त्यांच्यामागं गेले नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं होतं मला. माझ्या माहेराचं नाव त्या तांबूस पट्ट्याबरोबर भिंतीवर लागलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. कुणी उघड भांडलं नाही. पण आल्यागेल्यासमोर टीव्ही लावायचा झाला की आत्याबाई म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. अलकाच्या माहेरचा हाय, झिजंल." नवरा माझी बाजू घ्यायचा आणि त्याचीच मला जास्त लाज वाटायची. शेवटी मी ठरवलं की दुकानदाराशी भांडायचं. त्यानंच साध्याभोळ्या माणसाला फसवलं असणार. मी शिकवते त्या शाळेला रजा टाकून मी दौंडला गेले.

तिथल्या सेल्समननं माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "ताई, आम्ही काही लपवलं नाही. मामांचं बजेट होतं त्यात एक तर नवा एलईडी येत होता, नाहीतर हा वापरलेला. मीच म्हटलं, मामा, नवा घ्या. हिरवा पडदा लावून डाग दाखवला. दिसतोय का, विचारलं. मामा म्हणाले, दिसतोय, दिसतोय, चालतंय तेवढं." त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. म्हणजे डाग बघून, जाणूनबुजून मामांनी माझ्या वास्तुशांतीला तो टीव्ही दिला होता. आणि वर सगळ्यांसमोर म्हणाले होते, डागच नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरून मी तशीच रागानं मामांच्या घराकडं निघाले.

मामा निवृत्तीनंतर गोपाळवाडीच्या बाजूला दोन खोल्या बांधून राहत होते. मी दारातूनच सुरुवात केली. काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. माझी मान खाली घालायला लावलीत, दिसत होतं तर घेतलात कशाला, आणि घेतलात तर कबूल का नाही केलं, असं सगळं. मामी मध्ये पडायला लागली तर मामांनी तिला हातानं थांबवलं. मी बोलून दमल्यावर ते म्हणाले, "बस. मला डाग दिसला न्हाई, अलके. दुकानात बी न्हाई आन् तुझ्या घरात बी न्हाई. मला तांबडं आन् हिरवं येगळं दिसत न्हाई."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू शाळेत हुतीस तवा मला छातीचा आजार झाला हुता. टीबी. ते बी आमी कुनाला सांगितलं न्हाई. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरनी बजावलं हुतं, डोळ्यात काय फरक पडला तर लगीच या. बरा झालो, कामावर गेलो, गोळ्या चालूच हुत्या. आन् हळूहळू रंग गेलं."

"मग लगेच का नाही गेलात डॉक्टरांकडे?"

"गेलो असतो तर इंजिनवरनं उतरवलं असतं," मामा म्हणाले.

इंजिनमध्ये दोन माणसं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं त्याचा रंग म्हणायचा आणि दुसऱ्यानं तो पुन्हा म्हणायचा, असा नियम आहे. दोघांच्या डोळ्यांनी बघितल्याची ती खात्री. मामांचे असिस्टंट रफिकभाई होते. ते म्हणायचे, हिरवा. मामा म्हणायचे, हिरवा. "दिवसा कळायचं, दिवा खालचा हाय का वरचा," मामा सांगत होते. "अंधारात लांबनं नुसता ठिपका. रफिक काय म्हणतोय त्येच्यावर मी गाडी हाकली. त्यो म्हणंल ते म्हणायचं. लई फेऱ्या झाल्या तशा."

मग हिवाळ्यात एका पहाटे धुकं होतं आणि रफिकभाई मागं इंजिनाची पाहणी करायला गेले होते. समोर धुक्यात ठिपका दिसला आणि त्याचा रंग सांगायला बाजूला कुणी नव्हतं. मामांनी ब्रेक लावला. सगळी मालगाडी करकरत थांबली. रफिकभाई धावत आले, "किसनभाऊ, का थांबलो? हिरवा हाय की!" मामा म्हणाले, इंजिनात आवाज आला म्हणून थांबवली. गाडी पुढं नेली. त्या दिवशी घरी येऊन ते झोपलेच नाहीत, अंघोळ करून थेट रेल्वेच्या डॉक्टरकडे गेले आणि डोळ्यांचं सांगितलं. कधीपासून, ते मात्र सांगितलं नाही. कॉलनीसाठी पाठ दुखू लागली. मी ओढून घट्ट केलेला तो पट्टा ठणठणीत पाठीवर होता.

मला रडू आलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. "जाऊ द्या मामा," मी म्हणाले. "कुणाला काही झालं नाही ना. स्वतःहून गेलातच की डॉक्टरकडे." मामीनं पण मान हलवली. मामांनी तोंड फिरवलं. मग मी म्हटलं, आबांना सांगू या, निदान खोटारडेपणाचा आरोप तरी जाईल. तर ते एकदम उसळले. "न्हाई सांगायचं! डोळ्याचं सांगितलं की दुसरा प्रश्न काय येतो ठाऊक हाय का तुला? मग इंजिन कसं चालवलंत, पाव्हणं? कंजूस म्हणू दे मला. लबाड म्हणू दे. ते नको." त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला आणि मी दिला.

शब्द देणं सोपं असतं. घरी परत आल्यावर आत्याबाई बोलल्या की मला खरं तोंडावर यायचं आणि मी ते गिळायचे. आधी मला मामांची लाज वाटत होती. आता मामांबद्दल लोक काय बोलतात ते मुकाट ऐकून घेते, याची वाटायला लागली. टीव्हीवरचा पट्टा दिवसेंदिवस मला मोठा दिसायला लागला. हिरवी शेतं असलेली मालिका लागली की मी उठून जायचे.

त्या उन्हाळ्यात शिरूरला नात्यातलं लग्न होतं. मी तिथं नव्हते, मामी होती. आत्याबाईंनी बायकांच्या घोळक्यात सगळा किस्सा रंगवून सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "तसल्या घरातली पोरगी हाय, तिच्या बोलण्यावर तरी इस्वास कसा ठेवायचा?" मामीनं ते ऐकलं आणि घरी जाऊन मामांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मामा आले. फोन नाही, निरोप नाही. वडापच्या जीपनं आले, फाट्यावरून चालत आले आणि ओट्यावर आबांसमोर बसले. आबा बियाण्यासाठी शेंगा फोडत होते. पाणी झालं, चहा झाला. मग मामा मला म्हणाले, "अलके, सैपाकघरातल्या मिरच्या आण." परसातल्या मिरच्या मी सकाळीच तोडल्या होत्या, हिरव्या आणि मध्येमध्ये पिकून लाल झालेल्या. काय होणार ते मला कळलं, तरी मी ताटली आणून ठेवली. आत्याबाई पण दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आबा, ह्यातल्या तांबड्या काढून देतो," मामा म्हणाले आणि एकेक मिरची उचलून बाजूला ठेवू लागले. आबा बघत होते. तीन-चार मिरच्या झाल्यावर त्यांचे शेंगा फोडणारे हात थांबले. बाजूला काढलेल्यांत निम्म्या हिरव्या होत्या.

"टीव्हीवरला डाग मला दिसला न्हाई," मामा म्हणाले. "दुकानदारानं दावला तवा दिसतोय म्हणालो, कारण न्हाई म्हणायची लाज वाटली. तुमच्यात खोटं बोललो न्हाई. माझ्या भाचीचा त्यात काय बी दोष न्हाई."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आबांनी बाजूला काढलेल्या मिरच्या उचलून परत ताटलीत ठेवल्या. मग त्यांनी विचारलंच. "पाव्हणं, मग इंजिन कसं चालवलं?"

मला वाटलं, मामांनी काहीही सांगावं. इंजिन सोडल्यावर डोळे गेले म्हणावं. कोण शहानिशा करणार होतं? मी त्यांच्याकडं बघून मान हलवलीसुद्धा. पण त्यांनी सगळं सांगितलं. गोळ्या, रफिकभाई, धुकं, पट्टा. काही गाळलं नाही, काही सावरलं नाही. बोलताना ते आबांच्या तोंडाकडं सरळ बघत होते.

आबांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "टीव्हीचं सोडा," ते म्हणाले. "त्यात आमच्या घरानं तोंड टाकलं, ते आमचं चुकलं. पण हे तुम्ही वाईट केलं. लई वाईट. म्होरं पाशिंजर गाडी उभी असती तर?"

"व्हय," मामा म्हणाले.

"नोकरी गेली असती, जाऊ द्यायची हुती. माणसं हुती ती."

"व्हय, आबा."

मला आबांचा भयंकर राग आला. स्वतःच्या पायांनी येऊन इतकं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं बोलायचं? पण आबा तेवढंच बोलले. मग आत्याबाईंकडं वळून म्हणाले, "पाव्हण्यांना जेवायला वाढा." जेवताना आत्याबाईंनी मामांच्या ताटात न विचारता तूप वाढलं. त्यांच्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही, पण तूप दोनदा वाढलं. मामा दोन भाकरी जेवले, वर भात घेतला. वास्तुशांतीच्या दिवशी उपाशी गेलेला तो माणूस माझ्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

ऊन उतरल्यावर मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत मी आबांच्या वतीनं काहीबाही बोलत होते. ते फटकळच आहेत, तुम्ही मनावर घेऊ नका, असं. मामांनी मला थांबवलं.

"अलके, तुझ्या मामीला मी पह्यल्यांदा सांगितलं तवा ती म्हणाली, जाऊ द्या. रफिकला पुढं सांगितलं, त्यो म्हणाला, जाने दो किसनभाऊ. तू बी म्हणालीस, जाऊ द्या मामा." वडाप आली. ते दांडीला धरून आत चढले आणि वाकून म्हणाले, "आज कुनीतरी वाईट म्हणलं. वाईटच हुतं गं ते. मला लई बरं वाटलं."

त्यानंतर वर्षभरानं मामा गेले. मी त्यांच्यावर माया करणारी, त्यांच्या घरात वाढलेली. त्यांनी मन मोकळं केलं तेव्हा मी त्यांना धीर दिला असं मला वाटत होतं, आणि मी त्यांना फक्त गप्प केलं होतं.